काँक्रीटखाली गेलेला व्हॉल्व्ह आणि न केलेल्या देखभालीचे बिल

शहापूर_पेठ (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात बेळगावच्या शहापुरातील आमच्या गल्लीत नळाला गढूळ आणि वास मारणारे पाणी आले. आईने पहिल्या दिवशी ते फडक्याने गाळून पाहिले, तर फडक्यावर राखाडी थर धरला आणि त्याला गटाराचा वास येत होता. तक्रार दिल्यावर दोन दिवसांनी दुरुस्तीची माणसे आली आणि खरी अडचण तेव्हा कळली. गळती शोधायची तर आधी गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो, आणि तो व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे हे आलेल्या पाच जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. नकाशा विचारला तर तो कार्यालयात नाही असे उत्तर मिळाले.

मी लहान असताना आमच्या दाराला चार पायऱ्या होत्या. जुने डांबर न खरवडता दर वेळी त्यावरच नवा थर चढत गेला, आणि अलीकडे काँक्रीट झाले तेव्हा चारांतील एकच पायरी उरली. व्हॉल्व्हचे लोखंडी झाकण याच थरांखाली कुठेतरी आहे. ब्रेकरने तीन ठिकाणी खोदून पाहिले. एका खड्ड्यात जुने दगडी गटार लागले, दुसऱ्यात टेलिफोनची केबल तुटली आणि तिसऱ्यात मुरूमच निघाला. ते तिन्ही खड्डे आज उघडे आहेत, आणि गल्ली टँकरच्या पाण्यावर आहे.

हा प्रश्न एका व्हॉल्व्हपुरता असता तर धागा काढला नसता. नव्या कामाला निधी मिळतो, नारळ फुटतो, फलक लागतो. पण झालेले काम राखण्यासाठी वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही. असे वीस-तीस वर्षे चालले तर गावाचे पुढे काय होते? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथे कुठे आपण राहता, तिथले अनुभव लिहा. पक्षांची भांडणे कृपया येथे आणू नका.


टिळकवाडी_जुने (रविवार, रात्री १०:१५)

आमच्याकडे ड्रेनेजच्या चेंबरची हीच गत झाली आहे. डांबरीकरणात तीन झाकणे गाडली गेली, आणि आता पावसाळ्यात चौथ्या झाकणातून कारंजे उडते.


निवृत्त_स्थापत्य (सोमवार, सकाळी ७:०५)

शहापूरकर, तुमच्या पाण्यात गटार कसे मिसळले याचा अंदाज मी येथे बसून देऊ शकतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या शहराला मुख्यतः दोन ठिकाणांहून पाणी येते. मार्कंडेय नदीवरचे राकसकोप धरण १९६० च्या दशकातले, आणि त्यानंतर घटप्रभेवरचे हिडकल. काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, परंतु उरलेल्या शहराने पिढ्यान् पिढ्या ठरावीक तासांचेच पाणी पाहिले. जलवाहिनी सतत भरलेली असते तेव्हा आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा जास्त राहतो. भोक असले तरी पाणी बाहेर जाते, आत काही येत नाही. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होऊ लागते, उताराकडे पळणाऱ्या पाण्यामुळे वरच्या भागात पोकळी तयार होते, आणि मग तेच भोक बाहेरचे पाणी आत ओढते. बाहेर माती असेल तर माती येते आणि गटार असेल तर गटार येते. पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे घाण येते आणि मग साफ होते, याचे कारण हेच आहे.

शिवाय रोज वाहिनी भरायची आणि रिकामी करायची, म्हणजे रोज दाबाचे धक्के बसतात. हवा काढून टाकणारे व्हॉल्व्ह बिघडलेले असतील तर हे धक्के आणखी वाढतात आणि सांधे सैल होतात. जुन्या बिडाच्या नळांत आतून गंजाच्या गाठी धरतात, त्यामुळे सहा इंची नळातून प्रत्यक्षात चार इंची नळाएवढेच पाणी जाऊ लागते. लोक पाणी कमी येते म्हणून नळाला मोटार लावतात, आणि ती मोटार वाहिनीतली पोकळी आणखी वाढवते. सगळे एकमेकांत गुंतलेले आहे.

व्हॉल्व्ह ही फिरती वस्तू आहे. वर्षातून दोनदा पूर्ण बंद करून पूर्ण उघडला तर तो टिकतो. दहा वर्षे हात न लावलेला व्हॉल्व्ह सापडला तरी फिरेल याची खात्री नाही, तेव्हा मनाची तयारी ठेवा.

खर्चाचे म्हणाल, तर काँक्रीटच्या बांधकामांविषयी डी सिटर या अभियंत्याने १९८४ मध्ये मांडलेला पाचाचा नियम आमच्या क्षेत्रात सांगितला जातो. बांधतानाच नीट लक्ष देऊन जे काम १ रुपयात होते, ते हानी सुरू होण्याआधीच्या देखभालीत ५ रुपयांना, हानी सुरू झाल्यावर २५ रुपयांना आणि पार बिघडल्यावर १२५ रुपयांना पडते.


खडेबाजार_दुकान (सोमवार, दुपारी १:३०)

सर, आपल्या अनुभवाचा आदर राखून दोन गोष्टी सांगतो.

पाचाचा तो नियम समजावून सांगायला सोपा आहे, परंतु प्रत्येक वस्तूला तो लागू होत नाही. रस्त्यावरचा दिवा गेल्यावर बदलला काय आणि आधी बदलला काय, फारसा फरक पडत नाही. सगळ्याचीच देखभाल आगाऊ करायची म्हटले तर पैसा कुठून आणायचा? आणि दुसरी गोष्ट म्हणजे आपण स्वतः काय करतो? पाणीपट्टी वर्षानुवर्षे थकवणारे माझ्या ओळखीतलेच कितीतरी आहेत. बाजारात रात्री दुकाने बंद होताना खोके, प्लास्टिक, नारळाच्या करवंट्या गटारात ढकलताना मी रोज पाहतो. ज्या गल्लीत गटारावर फरशी टाकून ओटा वाढवला आहे, तिथले गटार साफ कसे होणार? शहापूरकर, राग मानू नका, परंतु मुख्य वाहिनीपासून तुमच्या घरापर्यंतची नळी कोणाच्या मालकीची आहे आणि ती कुठून जाते, हेही एकदा पाहा. ती बहुधा गटारातूनच गेलेली असेल.


निवृत्त_स्थापत्य (सोमवार, सायंकाळी ६:२०)

दुकानदार साहेब, दिव्याचे आपले म्हणणे मान्य आहे. जी वस्तू बिघडली तरी शेजारच्या वस्तूला धक्का लावत नाही, ती बिघडल्यावर बदलावी. पाचाचा नियम पाण्याशी संबंध येणाऱ्या गोष्टींना लागू होतो: रस्ता, पूल, गटार, छत, धरण. डांबराखाली पाणी शिरले की खडी आणि डांबर यांची पकड सुटते. रस्त्याला मध्यापासून कडेकडे दोन-अडीच टक्के उतार देतात तो याचसाठी. गटार तुंबले की रस्ता मरतो, आणि मग आपण रस्ता नवा करतो पण गटार तसेच ठेवतो.

घराच्या नळीचा मुद्दाही बरोबर आहे. तो मीच लिहायला हवा होता.


वडगाव_शिवार (सोमवार, रात्री ८:५५)

शहरातील मंडळी रस्त्याचे आणि नळाचे बोलत आहेत, पण शहराचे सगळे पाणी शेवटी आमच्या शेतात येते.

बळ्ळारी नाला येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारातून जातो. माझ्या सासऱ्यांच्या तरुणपणी त्या नाल्याचे पाणी जनावरांना पाजत असत, असे ते सांगत. आमची जमीन काळी, एकाच वर्षात आधी भात आणि मग मसूर, वाटाणा, हरभरा देणारी. बेळगावच्या बासमतीचा जो वास लोक आठवून सांगतात, तो याच शिवारातला. आता नाल्यात जलपर्णी, गाळ आणि प्लास्टिक इतके भरले आहे की दोन दिवस जोराचा पाऊस झाला की नाला पात्र सोडतो. पूर्वीही पूर यायचा, परंतु तो एका दिवसात ओसरायचा. आता चार-पाच दिवस पाणी शेतात बसून राहते.

मे महिन्यात आम्ही धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी करतो. जूनच्या शेवटी रोप वीतभर होते. तेव्हा पाणी चढले आणि चार दिवस थांबले की रोप वरून हिरवे दिसते, पण हाताने ओढले की मुळाजवळून पिचून सहज हातात येते, आणि त्याला कुजक्या गटाराचा वास असतो. मग पुन्हा बी, पुन्हा माणसे, पुन्हा रोप लागवड. पाणी ओसरल्यावर शेतात उतरावे तर पायाला काचा लागतात, आणि सलाईनच्या नळ्या आणि सुयाही मी स्वतः वेचल्या आहेत. बायका आता भांगलणीला पायात बूट असल्याशिवाय येत नाहीत.

नाल्यातला गाळ मार्च-एप्रिलमध्ये काढला तर काठावर सुकतो आणि उचलून नेता येतो. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर यंत्र आले तर काढलेला गाळ काठावरच राहतो आणि पुढच्या पावसात परत नाल्यात जातो. काम तेच, यंत्र तेच, पैसेही तेवढेच, फक्त दोन महिन्यांचा उशीर. त्या उशिराचे पैसे आम्ही भरतो. खडेबाजारच्या दादांनी गटारात ढकलल्या जाणाऱ्या प्लास्टिकचे लिहिले आहे. ते प्लास्टिक कुठे जाते ते दाखवायला मी त्यांना माझ्या बांधावर बोलावते.


खडेबाजार_दुकान (सोमवार, रात्री ९:३०)

ताई, मी नक्की येतो. या विषयाची ही बाजू मी खरोखर कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही.


मलप्रभाकाठ (मंगळवार, सकाळी ९:१०)

मी खानापूर तालुक्यातला. आमच्याकडे पूल हाच जगण्याचा विषय आहे, कारण पश्चिमेकडील गावांचा पावसाळा एका ओढ्यावरच्या एका पुलावर अवलंबून असतो. पूल बंद झाला की शाळा, दवाखाना, दुधाची गाडी सगळे बंद.

जुन्या दगडी पुलांचे आयुष्य मोठे असते, पण त्यांचा एक शत्रू अगदी लहानपणापासून ओळखता येतो. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी दगडांच्या सांध्यात पडते. पहिल्या वर्षी दोन पाने दिसतात, ती दोन बोटांनी उपटता येतात. तिसऱ्या वर्षी कोयता लागतो. दहाव्या वर्षी मूळ चुन्याच्या सांध्यातून आत गेलेले असते, झाड तोडले तरी ते मरत नाही, आणि ते कुजले की त्या पोकळीतून पाणी आत जाते. आमच्या गावाजवळच्या पुलावर मी हे सगळे टप्पे पाहिले आहेत. पूर्वी रस्त्यावर मैलकुली असत, त्यांच्या वाट्याला ठरावीक लांबीचा रस्ता असे, आणि गवत काढणे, मोरी मोकळी करणे, अशी झाडे उपटणे हे त्यांचे रोजचे काम होते. ती पदे गेली आणि पिंपळ उरला.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्यासोबत एसटीच्या दोन बस गेल्या. ७ ऑगस्ट २०२४ ला कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल मध्यरात्री कोसळला. तो तर सुमारे चार दशकांचाच होता. तेव्हापासून चोर्ला घाटाच्या बाजूने जाताना प्रत्येक पुलावर मी गाडीचा वेग आपोआप कमी करतो.


हिंदवाडी_कॉलेज (मंगळवार, सकाळी १०:४५)

शंभर वर्षांचा दगडी पूल उभा राहतो आणि चाळीस वर्षांचा काँक्रीटचा पडतो, हे कसे? कोणी समजावून सांगेल का?


निवृत्त_स्थापत्य (मंगळवार, दुपारी १२:००)

सांगतो बाळा. काळीवरच्या पुलाचे नेमके कारण सांगण्याचा अधिकार चौकशी करणाऱ्यांचा आहे, म्हणून सर्वसाधारण बोलतो.

दगडी कमानीत सगळा भार दाबाचा असतो आणि दगडाला दाब सहज पेलतो. तिच्यात गंजणारे काही नसते. काँक्रीटच्या पुलात ताण सहन करण्यासाठी आत लोखंडी सळ्या असतात. ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्या अल्कामुळे सळीवर संरक्षक पापुद्रा राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपतो आणि ते अल्क कमी करत जातो. समुद्राजवळ क्षारही आत जातात. हा परिणाम सळीपर्यंत पोहोचला की गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. छताचे पोपडे पडून सळ्या दिसतात ते हेच.

मग करायचे काय? पुलावरचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या मोकळ्या ठेवायच्या, सांध्यांतून पाणी खाली झिरपू द्यायचे नाही, तुळईखालच्या बेअरिंगची घाण काढायची, बारीक तडा दिसताच भरायचा. एक मुकादम आणि चार माणसे यांचे हे काम आहे.

कर्नाटकातले सर्वांत बोलके उदाहरण तुंगभद्रेचे. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री धरण भरलेले असताना ३३ दरवाजांपैकी १९ व्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. धरण सुमारे ७० वर्षांचे. पाण्याची पातळी खाली आणण्यासाठी दुसरे दरवाजे उघडून साठवलेले पाणी नदीत सोडावे लागले, आणि वाहत्या पाण्यात तात्पुरती फळी बसवायला जवळजवळ आठवडा गेला. एका साखळीमुळे कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणाच्या शेतकऱ्यांचा जीव टांगणीला लागला. साखळी गंजते आहे हे दुरून दिसत नाही. तिच्याजवळ जाऊन, हाताने चाचपून, जाडी मोजावी लागते, आणि त्यासाठी माणूस नेमावा लागतो.


निपाणी_नाका (मंगळवार, रात्री ८:१०)

सगळा दोष देखभालीवर टाकू नये असे मला वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. इतका पाऊस कोसळल्यावर कितीही साफसफाई केली असती तरी पाणी आलेच असते. नदीकाठी भराव, बांधकामे, पात्रात शिरलेली शेती, धरणांतून पाणी सोडण्याच्या वेळा, अशी अनेक कारणे त्यात आहेत. देखभालीचा मुद्दा खरा ठेवायचा असेल तर तो त्याच्या जागी ठेवला पाहिजे.

आमच्या निपाणीत देखभालीचा खरा विषय जवाहर तलावाचा आहे. शहर त्या तलावावर जगते. तलावात गाळ साचतो तेवढी पाण्याची जागा कमी होते, आणि ही घट वरून दिसत नाही. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरलेलाच दिसतो, लोक ओटी भरायला जातात, आणि एप्रिल उजाडला की पाण्याचा दिवस एकाचा दोन, दोनाचा तीन होतो.


वडगाव_शिवार (मंगळवार, रात्री ८:४०)

२०१९ चे तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. तो पाऊस वेगळाच होता. पण आमच्या शिवारात पाणी साधारण पावसातही चढते, हे लक्षात असू द्या.


कॅम्प_फिश_मार्केट (बुधवार, सकाळी ८:००)

पाण्याचा विषय निघाला आहे म्हणून विहिरींचे लिहितो. थोडे विषयांतर वाटेल, पण मुद्दा तोच आहे.

१९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन टिळकवाडीत भरले, तेव्हा त्यासाठी खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. हजारो माणसांना पाणी देण्यासाठी ती खोदली होती. अशा मोठ्या विहिरी शहरभर होत्या. नळ आला तशा त्या कचऱ्याच्या कुंड्या झाल्या. मग १९९० च्या दशकात पाणीटंचाई आली, आणि तेव्हा याच विहिरींचा गाळ उपसून त्यांचे पाणी पुन्हा वापरात आणले गेले. माझे वडील त्या वेळी आमच्या भागातल्या विहिरीवर उभे राहून पाहत होते. गाळातून पितळी तांबे, गणपतीच्या मूर्तींचे सांगाडे, सायकलचे चाक आणि खाली, अगदी तळाशी, स्वच्छ दगडी बांधकाम निघाले. एकही दगड हललेला नव्हता. झरे तीन दिवसांत सुटले.

विहीर सावरता आली, कारण ती बांधणाऱ्यांनी दुरुस्तीसाठी पायऱ्या ठेवल्या होत्या. माणसाला आत उतरता येत होते. आज आपण जे गाडतो, त्यात उतरायला वाट ठेवत नाही.


चेंबर_माझे_वडील (बुधवार, रात्री १०:५०)

मी येथे फक्त वाचत असे. वरची ओळ वाचून लिहावेसे वाटले.

माझे वडील ड्रेनेजच्या कामावर होते. माणसाने आत उतरण्याची वाट ठेवावी असे आपण म्हणता, ते विहिरीसाठी ठीक आहे. गटाराच्या चेंबरमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने बंद केले आहे, आणि तरीही देशात त्यात माणसे मरतात. तिथे काय असते ते मी सांगतो. मैला साचून राहिला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो, आणि वायू वाढला की नाक बधिर होऊन वास येणेच बंद होते. माणसाला वाटते हवा साफ झाली, आणि तो पुढे वाकतो. वडील चेंबरचे झाकण काढल्यावर अर्धा तास जवळ कोणाला जाऊ देत नसत, आणि मुकादम घाई करू लागला तर त्याच्याशी भांडत.

तोच वायू गटाराच्या नळाच्या वरच्या ओल्या भागावर जिवाणूंमुळे सल्फ्युरिक आम्ल होतो आणि काँक्रीटचा नळ आतून, छताकडून खातो. बाहेरून काही कळत नाही. एक दिवस रस्ता खचतो आणि लोक म्हणतात, अचानक खचला. मैला वाहता ठेवला, नळ वर्षातून दोनदा यंत्राने धुतला, तर हा वायू एवढा साचत नाही. देखभाल टाळली जाते तेव्हा तुंबलेले मोकळे करण्यासाठी शेवटी कोणाला तरी आत जावे लागते, आणि तो कोणाच्या घरचा असतो हे सर्वांना माहीत आहे. खर्चाच्या हिशोबात हेही धरा.


निवृत्त_स्थापत्य (गुरुवार, सकाळी ६:३०)

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. आपण लिहिलेले अक्षर न् अक्षर खरे आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः अशा कामांवर उभा होतो आणि तेव्हा जेवढे बोलायला हवे होते तेवढे बोललो नाही, याची खंत आहे.


अनगोळ_हिशोब (गुरुवार, दुपारी ३:१५)

मी लेखापालाचे काम करते, म्हणून पैशाच्या बाजूने लिहिते. कारखान्यात यंत्र घेतले की त्याचा घसारा दर वर्षी खर्चात धरावा लागतो, म्हणजे यंत्र म्हातारे होत आहे हे ताळेबंदात दिसते. गल्लीतल्या नळाचे म्हातारपण कोणालाच कुठे दिसत नाही. नवी योजना येते तेव्हा तिचा मोठा वाटा केंद्र, राज्य किंवा जागतिक बँकेकडून येतो; ती पुढे तीस वर्षे चालवण्याचा खर्च मात्र स्थानिक घरपट्टी-पाणीपट्टीतून काढायचा असतो. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांच्या यादीत बेळगाव आले, तेव्हा आम्हा सर्वांना आनंद झाला होता. पण जी वस्तू नवी मिळाली ती सांभाळण्याचा वार्षिक खर्च किती, हा प्रश्न तेव्हा मीही विचारला नाही.

दुसरे म्हणजे, मार्च २०१९ ते सप्टेंबर २०२१ या काळात आपल्या शहरात निवडून आलेले नगरसेवक नव्हते, प्रशासकीय कारभार होता. आज ५८ वॉर्ड आहेत. नगरसेवक चांगला असो वा नसो, फुटलेले झाकण दाखवायला गल्लीतला माणूस त्याच्याच दारात जातो. ते दार अडीच वर्षे नव्हते. बारीक कामे याच काळात सर्वांत जास्त मागे पडली, असे माझे निरीक्षण आहे.


मलप्रभाकाठ (गुरुवार, सायंकाळी ७:००)

ताई, नव्या मुलाम्याचे एक भयंकर उदाहरण मोरबीचे आहे. ३० ऑक्टोबर २०२२ ला तिथला झुलता पूल तुटून १३५ माणसे गेली. चार दिवस आधीच तो दुरुस्ती करून खुला केला होता. तपासात आढळले की पायाखालची फळी नवी बसवली होती, पण ज्या मुख्य दोरावर सगळा भार होता त्याच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. ती बातमी वाचली तेव्हा मला आपला गोकाक धबधब्यावरचा झुलता पूल आठवला. लहानपणी शाळेच्या सहलीत आम्ही त्यावर मुद्दाम उड्या मारत असू.


खडेबाजार_दुकान (शुक्रवार, रात्री ९:००)

आज सकाळी वडगावच्या ताईंच्या बांधावर जाऊन आलो. बरोबर बाजारातले आणखी दोघे होते. आमच्या शेजारच्या दुकानाचे नाव छापलेली पिशवी मला भाताच्या रोपात अडकलेली सापडली. ती मी उचलून आणली आहे आणि उद्या त्या दुकानात नेऊन देणार आहे. आमच्या ओळीतली बारा दुकाने कचऱ्यासाठी एक माणूस ठेवायला तयार झाली आहेत. शहापूरकर, तुमच्या व्हॉल्व्हचे पुढे काय झाले?


शहापूर_पेठ (शनिवार, सायंकाळी ५:३०)

तेच लिहायला बसलो आहे.

आमच्या गल्लीत पूर्वी पाणी सोडणारे जे आप्पा होते, त्यांचा ठावठिकाणा धाकट्या भावाने काढला. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुरुवारी त्यांना स्कूटरवरून आणले. त्यांनी आधी गल्ली डोळे बारीक करून पाहिली आणि म्हणाले, "खांब हलवलाय. खांबावरून मोजू नका." मग ते मारुतीच्या देवळाच्या कट्ट्याला पाठ लावून उभे राहिले, अकरा पावले सरळ चालले, विहिरीच्या बाजूला दोन पावले वळले आणि काठी टेकवली. काठी टेकवली तिथून हातभर अंतरावर, दीड फूट खाली, झाकण सापडले.

सरांनी लिहिले होते तसेच झाले. व्हॉल्व्हचा दांडा गंजून बसला होता. रात्रभर त्यावर डिझेल ओतून ठेवले. सकाळी आप्पांनी स्वतः लोखंडी चावी लावली, अर्धा फेरा फिरला आणि दांडा तुटला. आप्पा बराच वेळ त्या तुकड्याकडे पाहत राहिले. त्यांच्या वेळी दिवाळीआधी आणि पावसाळ्याआधी सगळे व्हॉल्व्ह फिरवून त्यांना ग्रीस लावत असत, असे ते म्हणाले. शेवटी वरच्या चौकातून तीन गल्ल्यांचे पाणी एक दिवस बंद ठेवून नवा व्हॉल्व्ह बसवला.

आता गळतीचे. मुख्य वाहिनी धड होती. गटारावरच्या फरश्या उचलल्या तेव्हा अकरा घरांच्या नळ्या गटारातून गेलेल्या दिसल्या, आणि त्यांतील चार गंजून चाळणी झालेल्या होत्या. त्या चारांतील एक आमच्या घराची आहे. ती आजोबांनी घातली, त्यानंतर तिच्याकडे कोणीही, मीसुद्धा, पाहिले नाही. खडेबाजारचे दादा सोमवारीच बरोबर बोलले होते. अकराही घरांनी वर्गणी काढून नळ्या गटाराच्या वरून, पीव्हीसीच्या आवरणातून नेण्याचे काम आज सुरू केले आहे. गटारावरचे दोन ओटे फोडावे लागले, त्यावरून वाद झाला, पण फोडले.

आप्पांना अजून आसपासच्या गल्ल्यांतील किती व्हॉल्व्ह आठवतात ते विचारले. ते म्हणाले, चौदा नक्की, बाकीचे जागेवर गेल्याशिवाय सांगता येणार नाहीत. उद्या रविवारी सकाळी साडेसात वाजता देवळाच्या कट्ट्यापासून सुरुवात करतो आहोत. प्रत्येक व्हॉल्व्हसमोरच्या भिंतीवर पिवळ्या ऑइलपेंटने अंतर लिहायचे, फोटो काढायचा आणि एका वहीत जागा उतरवून तिची प्रत संबंधित कार्यालयात द्यायची असे ठरले आहे. सर, आपण आलात तर वही कशी आखायची ते सांगता येईल. मोजायची टेप आमच्याकडे तीस मीटरची एकच आहे, कोणाकडे दुसरी असेल तर घेऊन यावे. आप्पांना ऊन सोसत नाही, म्हणून दहाच्या आत संपवायचे आहे.